पोत्यामागचा सल्ला

"उडाच्या शेंगा आहेत?"

उगोयेने मान वर केली, आणि मावशीच्या दुकानातली सगळी पोती तिला एकदम अनोळखी वाटायला लागली.

समोर एक उंच तरुण उभा होता. छत्री नव्हती, त्यामुळे शर्ट खांद्यांवर भिजलेला... आणि गळ्यावर पांढऱ्या पावडरीचा थर, त्यात पावसाने ओघळ पाडलेले. एनुगूच्या बाजारात गळ्याला अशी पावडर लावून फिरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. घरी बाळ आलंय, एवढं सगळ्यांना कळतं. उगोयेलाही कळलं. त्याचे डोळे फार छान आहेत हेही तिला त्याच क्षणी कळलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"आहेत की," ती म्हणाली. "शेंगा नाहीत असं मसाल्याचं दुकान असतं होय?"

खरी गोष्ट अशी की दुकान मावशीचं होतं. मावशी ऑगस्टच्या सभेला गेलेली. या सभेसाठी शहरोशहरच्या सुना सासरच्या गावी जमतात, मनसोक्त गातात, त्याहून मनसोक्त भांडतात आणि महिना संपता संपता परततात. तोवर शाळेला सुट्टी असलेल्या भाचीच्या गळ्यात मावशीने दुकान मारलं होतं. उगोये भूगोल शिकवायची. नायजरच्या उपनद्या तिला तोंडपाठ होत्या. रस्सा मात्र तिने आजवर फक्त खाल्ला होता.

"थांबा हं, आतला ताजा माल देते," असं म्हणून ती सगळ्यात मोठ्या पोत्यामागे वाकली आणि तिने फोन लावला.

"मावशी, उडा म्हणजे कुठलं गं?" ती कुजबुजली.

पलीकडे ढोल वाजत होते. "काळ्या, वाकड्या शेंगा!" मावशी गाण्यावरून ओरडली. "लहानपणी तू नाकात घातली होतीस ना, तीच!"

उगोये अगदी सराईत चेहऱ्याने वर आली आणि तिने ओंजळभर शेंगा कागदावर ओतल्या.

"किती घालायच्या?" त्याने विचारलं. "मला तसा अनुभव नाही... घरी बाळंतीण आहे. तिच्यासाठी तिखट रस्सा करायचाय."

"बाळंतिणीला ना? मग हात आखडू नका. सगळ्या घाला!"

तो हसला. त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. बाळंतिणीच्या नवऱ्यांना खळ्या देऊ नयेत, असं उगोयेला फार मनापासून वाटलं.

तो गेल्यावर शेजारच्या ओबियागेली काकू सरसावल्या. काकूंचा पाल्याचा गाळा. ओकाझीची पानं दोऱ्यासारखी बारीक चिरता चिरता त्यांचं गाळ्यांच्या सगळ्या ओळीवर लक्ष असायचं.

"नवरा असावा तर असा," काकू म्हणाल्या. "बायको बाळंतीण आणि हा स्वतः बाजारात! असले पहिल्या पावसातच उचलले जातात गं. उरतात ते माझ्या जावयासारखे."

"मला काय त्याचं?" उगोये म्हणाली, आणि रिकाम्या तराजूला उगीचच फडकं मारत बसली.

तो परत आला, तेव्हा त्याच्या बोटाला पट्टी होती.

"तुमच्या सांगण्याप्रमाणे रस्सा केला," तो म्हणाला. "तिनं एक घोट घेतला आणि ती रडली."

"आनंदानं?"

"बिया काढायच्या होत्या म्हणे. आणि दोन-तीन शेंगांवर भागतं म्हणे. आईनं फोनवरून सांगितलं, आणि त्याआधी काय काय म्हणाली ते इथं सांगण्यासारखं नाही." तो पोत्याला टेकला. "खरं तर आईच येणार होती हो बाळंतपणाला. पण ती मोटरसायकलवरून पडली, पाय प्लास्टरमध्ये घालून गावी बसलीय. म्हणून मग... मी."

"तुम्ही बाळंतपण करताय? आजीचं काम?"

"चाळीतले लोक मला 'आजीबाई' म्हणतात. माझं नाव जिडेन्ना. पण आता त्या नावाला कुणी ओळखत नाही."

उगोयेला हसू आवरलं नाही. ती हसली तसा तोही हसला, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना दोघं उगीचच जरा जास्त वेळ हसत राहिले. मग तिला एकदम बाळंतीण आठवली.

"आज काय हवंय?" तिने शाळेतल्या आवाजात विचारलं.

"न्साला करायचाय. तो पांढरा रस्सा. मासा आणलाय, यामचा कंदही आणलाय. त्यात तो कडू पाला घालतात ना, उटाझी... तो किती घालायचा?"

"एक मिनिट. आत बघते."

पोत्यामागे गेल्यावर मावशीने फोन उचललाच नाही. सभेत मत द्यायची वेळ आली असावी. उगोये तिथेच उकिडवी बसून विचार करत राहिली. पाला म्हणजे भाजी. भाजी म्हणजे भरपूर.

"एक जुडी," ती वर येऊन म्हणाली.

काकूंनी जुडी हातात दिली खरी, पण त्यांच्या भुवया पार कपाळावर गेल्या होत्या. गिऱ्हाईकासमोर शेजारणीचा पाणउतारा करायचा नाही, हा बाजाराचा रिवाज त्या बिचाऱ्या कसाबसा पाळत होत्या.

त्या न्सालाचं काय झालं, हे दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड बघूनच कळलं.

"शेजारची मांजर," जिडेन्ना म्हणाला, "माशाचा वास घेऊन आली. एकदा चाटलं तिनं. आता जिन्यात मी दिसलो की रस्ता बदलते."

"उटाझी जास्त झाला?"

"तीन पानं लागतात म्हणे. तीही बारीक चिरून, वरून भुरभुरायची."

उगोयेचे कान तापले. कुणी चिडलं असतं, भांडलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं. पण हा माणूस चिडत नव्हता. पावसातून येत होता, पोत्याला टेकत होता, आणि पुन्हा तिलाच विचारत होता.

"आज ओहा आणलाय," तो म्हणाला आणि पिशवीतून पानांची जुडी काढून त्याने सुरी पुढे केली. "चिरायला सुरुवात करणार होतो, म्हटलं आधी..."

"सुरी!" उगोये आणि काकू एकदम किंचाळल्या.

त्याच्या हातातून सुरी पडली.

"ओह्याला सुरी लावायची नाही," उगोये म्हणाली, आणि या खेपेला तिला पोत्यामागे जावं लागलं नाही. हे तिला माहीत होतं. लहानपणी परसात बसून तिने टोपल्याच्या टोपल्या ओहा खुडला होता. "लोखंड लागलं की पान काळं पडतं, चामट होतं. बोटांनी खुडायचा. या, बसा इथं."

तो उलट्या टोपलीवर बसला. तिने एक पान घेतलं, मधली शीर सोडून हलकेच फाडलं. त्याने घेतलं, चुरगळलं.

"अहो, पानाशी कुस्ती नाही खेळायची! असं..." तिने त्याचं बोट धरून दाखवलं. पट्टी बांधलेलं बोट होतं ते. तिने सोडलं नाही लगेच. त्यानेही काढलं नाही. हिरवट, ओलसर वास दोघांच्या हातांना लागला. समोर पत्र्यावरून पाण्याची धार पडत होती आणि पलीकडच्या गाळ्यावर कुणीतरी सुक्या माशाच्या भावावरून घसा फोडत होतं. उगोयेला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"आता जमतंय?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून दाखवा ना..."

तिने वर पाहिलं. तो पानांकडे बघत नव्हता.

उगोये या माणसाच्या प्रेमात पडली होती. हे तिला तिथल्या तिथे, ओह्याच्या ढिगाशेजारी कळलं. घरी एक बाई बाळाला घेऊन झोपली असेल, टाके दुखत असतील, या माणसाच्या हातच्या कडूजहर रश्शाची वाट बघत असेल बिचारी. आणि हा इथे बसून दुसरीच्या हाताकडे बघतोय! आपणही बघू देतोय! ती ताडकन उठली. मांडीवरची पानं सगळीकडे उडाली.

"लाज नाही वाटत?" ती ओरडली. "तुम्हाला... तुला! बायको घरी बाळंतीण, आणि तू बाजारात बसून खळ्या दाखवतोस?"

सगळी ओळ थांबली. सुक्या माशाचा भावही थांबला.

"कोणाची बायको?" जिडेन्ना म्हणाला.

"तुझी! जिच्यासाठी शेंगा नेतोस ती!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात पानांनी बरबटलेले, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला, आणि बाजारभर एका बाईचा खणखणीत आवाज घुमला.

"जिडेन्ना! तुझ्या बहिणीनं काही खाल्लं का, का आज पुन्हा विषच पाजणार आहेस माझ्या लेकीला? तिचा नवरा बोटीवरून परत आला ना, की काय तोंड दाखवशील त्याला? आणि तो आवाज कसला? कोण ओरडतंय तुझ्यावर?"

जिडेन्ना उगोयेकडे बघत सावकाश म्हणाला, "दुकानवाली, आई."

"तीच का, जिच्याबद्दल रोज तास तास बोलतोस? ओरडते का? ओरडू दे. घरात एक तरी ओरडणारी पाहिजे. माझा घसा आता दमला."

ओळीत कुणीतरी टाळी वाजवली. उगोयेला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. धरणी काही घेईना, म्हणून ती पोत्यामागे गेली.

इकडे ओबियागेली काकूंनी फोनचा ताबा घेतला. "नमस्कार हो ताई. मी शेजारची. तुम्ही कुठल्या? ...अय्या, माझी नणंद तिथंच दिलीय! मुलगी ना? आमच्या अग्बानी गावची. चांगल्या घरची, शाळेत शिकवते. स्वयंपाक? ...ताई, मनानं फार चांगली आहे हो."

जिडेन्ना पोत्याच्या या बाजूला उकिडवा बसला.

"न्कोली माझी बहीण आहे," तो पोत्याला म्हणाला.

"ऐकलं," पोतं म्हणालं.

"तुम्ही विचारलंच नाही कधी."

"बाळंतिणीची विचारपूस करताना 'तुमची कोण' असं कोण विचारतं?" मग अगदी बारीक आवाज आला. "मलाही एक सांगायचंय. मला स्वयंपाकातलं काही कळत नाही. मी इथून मावशीला फोन करायचे."

"माहितीय."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. पोतं आहे ते, भिंत नाही. तुमच्या नाकात शेंग गेलेली मला ठाऊक आहे."

"मग पुन्हा पुन्हा का येत होतात? बिचारीला माझ्या सल्ल्याचं खायला घालायला?"

"तिला कशाला? तुमचा सल्ला मी वेगळ्या पातेल्यात शिजवायचो. तो रस्सा मी खात होतो. तिनं पहिला घोट घेतला, तेवढाच. तिला समोरच्या आजी डबा देतात."

जुडीभर उटाझीचा रस्सा एकट्याने संपवलेला माणूस कसा दिसतो, हे बघायला मग उगोयेने हळूच डोकं वर काढलं. तो खळी पाडून बसला होता.

महिना संपला. मावशी घसा बसवून परतली, आणि आल्या आल्या पोत्यांवरून हात फिरवून "शेंगा बऱ्याच खपल्या गं," म्हणाली. उगोयेने उद्यापासून शाळा आहे असं काहीतरी सांगितलं आणि पिशवी भरायला घेतली. पिशवी काही केल्या भरत नव्हती. तिचं लक्ष सारखं वाटेकडे होतं.

तो दुपारी आला. गळ्यावर पावडर, काखेत गाठोडं.

"काय देऊ?" मावशीने विचारलं. "घरी बाळंतीण आहे वाटतं?"

"होती. आता हिंडूफिरू लागली. मला आज निरोप दिला." जिडेन्नाने गाठोडं उघडलं. आत मीठ, साबण, सुका मासा, आणि वर नेसायच्या कापडाची जोडी, निळ्यावर सोनेरी मोर असलेली. बाळंतपण करून निघणाऱ्या आजीला लेकीने द्यायचा मान. "रीत ती रीत, म्हणाली. काम आजीचं केलंस, तर कापडही आजीचं घे. आता मी हे नेसून कुठं जाऊ?"

मावशीला काही उमजेना. ओबियागेली काकूंनी मात्र सुरी खाली ठेवली.

"यातली अर्धी मेहनत उगोयेची आहे," तो म्हणाला. "पण जोडी फोडायची नसते. म्हणून... सगळंच तिला. आईचं प्लास्टर निघालंय. ती म्हणते, मुलीची हरकत नसेल तर ताडी घेऊन तुमच्या दारावर थाप मारायला, रीतसर मागणी घालायला येते. घरचे काय ते नंतर बोलतील. पण मला आधी... मला आधी हिचं ऐकायचंय. मला तू फार आवडतेस, उगोये. तुझा रस्सा नाही. तू."

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाची जागेवर नव्हती.

क्षणभर सगळी ओळ मोठ्या पोत्याकडे बघत राहिली. मग जिडेन्नाचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला.

"हॅलो," पोत्यामागून कुजबुज आली. "आईंना म्हणावं, सावकाश या. मोटरसायकलवरून नको."

"म्हणजे... हो?"

"हो. आणि स्वयंपाक तूच करायचास."

"उगोये," तो म्हणाला, "फोन ठेव. सगळ्यांना ऐकू येतंय."

"येऊ दे," ती म्हणाली, पण फोन काही ठेवला नाही. त्यानेही नाही.