सरूचे डोळे

रोह्याजवळच्या खेड्यातल्या शाळेत रघुनाथ गुरुजींनी चौथीच्या अकरा मुलांपैकी प्रत्येकाचा वेगळा फोटो काढला. त्यांना फोटोचा नाद होता. रोल घरीच धुवायचा, निगेटिव्ह कापून डाग झाकायचे, काळ्या कागदाच्या चौकटीत बसवायच्या आणि छपाईला पेणच्या स्टुडिओत धाडायच्या. एवढं सगळं ते स्वतः करत.

सरूच्या वेळी नेमकी कळ दाबली आणि तिने डोळे मिटले.

"सरू निजली, सरू निजली!" पोरं ओरडली.

"गुरुजी, माझा परत काढा ना."

"रोल संपला गो."

रोल संपला नव्हता. बारावा फोटो त्यांनी शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांसाठी राखून ठेवला होता. साहेब आलेच नाहीत.

मुलीचं मन मोडू नये म्हणून गुरुजींनी खिडकीशी बसून, भिंगाखाली, निगेटिव्हवर तिचे डोळे उघडले. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं: जिथे नितळ तिथे फोटोत काळं, जिथे काळं तिथे पांढरं. बुबुळ काळं उमटावं म्हणून तिथला थर पात्याच्या टोकाने खरवडला. भोवती पांढरं दिसावं म्हणून बारीक पेन्सिल फिरवली.

पेणहून फोटो आले. सरूची आई गिरजाबाई हसली, "सरू, किती टकामका बघतेस गो!"

आठवड्याने ती पुन्हा आली, तेव्हा हसत नव्हती.

"गुरुजी, सरू निजते, पन डोळे मिटत नाय. धूळ गेली तरी पापनी हालत नाय."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हनतात, डोळे चांगले हायत."

दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींनी मनाशी शंभर आकडे मोजले. सरूची पापणी लवली नाही. डोळे लालबुंद, गालावर पाण्याचे ओघळ. पाढे म्हणून झाल्यावर ती त्यांच्या टेबलाशी आली.

"गुरुजी, मला निज येते. मिटा ना."

घरी येऊन त्यांनी निगेटिव्ह चौकटीतून सोडवली. स्पिरिटच्या बोळ्याने पेन्सिल पुसली. ती गेली. खरवडलेला थर मात्र परत येईना. तिथे शाई लावली, तर नितळ फिल्मवर ती धरेना. दोन इवल्या नितळ ठिपक्यांतून खिडकीतला उजेड येत राहिला.

साहेबांसाठी राखलेला एक फोटो. तेवढा काढला असता तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाई धावत आली. "निजली गुरुजी! मिटले डोळे! चला बघायला."

गुरुजींनी नवा रोल घालून कॅमेरा खांद्याला अडकवला. सरू उठली की अंगणात उभी करून आधी तिचा फोटो काढायचा.

ओटीवर वाल सुकत घातले होते. आत चटईवर सरू शांत झोपली होती. श्वास संथ चालला होता. गुरुजी खाली वाकले.

दोन्ही मिटल्या पापण्यांवर तिळाएवढा काळा ठिपका होता.

काजळी असेल. त्यांनी धोतराच्या सोग्याने हलकेच पुसलं.

निघाली नाही.

ते एक पाऊल बाजूला सरले.

सरूच्या पापण्या मिटलेल्याच होत्या. ठिपके सावकाश सरकले आणि त्यांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यापाशी येऊन थांबले.