पतनवेध

समुद्राकाठच्या कड्यावर उभ्या असलेल्या ‘सायंप्रभा’ वृद्धनिवासाच्या निरीक्षणकक्षात डॉ. वैजयंती केळुसकर यांनी दिवसभर आकडे तपासले होते. वार्धक्यातील आरोग्य हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. येथील सुरक्षायंत्रणा राज्यातील सर्व वृद्धनिवासांत बसवावी की नाही, याचा निर्णय शासनाने त्यांच्यावर सोपवला होता.

“तीन वर्षांत एकही पतन नाही,” व्यवस्थापक निंबकर म्हणाले. ते स्वतः अभियंते. ‘पतनवेध’ ही त्यांच्याच बुद्धीची निर्मिती. “फरशीखाली स्पंदग्राहक आहेत. पावलांचा दाब, अंतर, डळमळ यांवरून यंत्र पुढच्या तासाभरातला पडण्याचा संभव काढते. तो वाढला की घंटा होते, आणि सेविका चाकांची खुर्ची घेऊन धावते.”

बोलता बोलताच घंटा वाजली. कक्षाच्या उघड्या दारासमोरच उषाताई पेंढारकर आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. सेविकेने त्यांना अदबीने खुर्चीत बसवले. “आम्ही असताना तुम्ही कशाला त्रास घेता, आजी?”

“अगं, खिडकीपर्यंत निघाले होते,” उषाताई म्हणाल्या. “काशीला नव्हे.”

खुर्ची कक्षाबाहेरच्या खिडकीशी गेली. वैजयंतीबाईंनी विचारले, “या इथे आल्या तेव्हा चालत होत्या?”

“उत्तम चालत होत्या.”

“मग हा तुमच्या सेवेचा दोष आहे, निंबकर. बसवलेल्या माणसाचे स्नायू झिजतात. स्नायू झिजले की पाऊल डळमळते, आणि डळमळले की घंटा लवकर होते. तासाभराच्या वेधाला यातले काहीच दिसणार नाही. तो वर्षाचा करा. आणि यंत्राला विचारा, कोणती एक गोष्ट वगळली तर धोका सर्वांत अधिक घटेल?”

“उत्तर ठाऊक आहे. चाकांची खुर्ची.”

“तरी विचारा.”

निंबकरांनी प्रश्न घातला. पडद्यावर एकच शब्द उमटला: घंटा.

“गणितात चूक आहे,” ते पुटपुटले. पण आधार मागताच यंत्राने पश्चिमेकडचे दालन दाखवले. तेथील घंटेची तार वर्षापूर्वीच तुटली होती. फरशीखालचे स्पंदग्राहक मात्र चालू होते. त्या दालनातली माणसे दोनदा पडली होती. दोन्ही वेळा ती आपली आपण उठली होती, आणि आज त्यांची पावले साऱ्या निवासात सर्वांत स्थिर होती. इतरत्र घंटेच्या धास्तीने पावले आखूड झाली होती; आखूड पाऊलच अधिक अडखळते.

“दोनदा पडली, आणि मला कोणी बोलले नाही?” निंबकरांचा चेहरा उतरला.

“बोलले असते तर तार जोडली गेली असती.”

मग निंबकर सावकाश म्हणाले, “घंटा बंद केल्यावर कोणी पडले, तर वर्तमानपत्रांत तुमचे नाव येईल.”

“येऊ द्या. कोणी पडेलही. माझी शिफारस ठरली आहे: स्पंदग्राहक बसवावेत, घंटा बसवू नये. सेविकांनी सोबत चालावे. बंद करा.”

निंबकरांनी घंटा बंद केली.

खिडकीशी उषाताई गज धरून उठत होत्या. कोठेच आवाज झाला नाही, तशा त्या क्षणभर गोंधळल्या आणि सेविकेकडे पाहू लागल्या. सेविकेने खुर्चीला हात घातला; वैजयंतीबाईंनी मानेनेच नको म्हटले. निंबकर लगबगीने पुढे झाले.

“हात जवळ असू द्या,” वैजयंतीबाई म्हणाल्या, “पण धरू नका.”

उषाताईंनी गज सोडला. पहिले पाऊल बोटभर सरकले, दुसरे वाकडे पडले. तिसऱ्याला त्यांचा तोल गेला. निंबकरांचा हात आपसूक पुढे झाला आणि मोठ्या कष्टाने जागीच थांबला. उषाताईंनी भिंतीचा आधार घेतला. त्या सावरल्या.

दम घेऊन त्यांनी निंबकरांच्या अजून हवेतच असलेल्या हाताकडे पाहिले.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “सवय होईल तुम्हाला.”