पंख्याचा पट्टा

मुळात यायचा होता तुळशीराम ड्रायव्हर. त्याला ताप आला, म्हणून लसीकरणाच्या शिबिराला मला न्यायला कांचघर मोहल्ल्यातून आपली जुनी जोंगा जीप घेऊन आला शैलेंद्र. पाहताक्षणीच मनात म्हटलं, विनताबाई, जपा!

बरगीच्या पुढच्या जंगलवाटेत तीन नाले. पहिल्या दोन नाल्यांत मी साडी खोचून, काठीनं पाणी मोजत पुढे. मागून तो फोर-व्हील गिअर टाकून हळूहळू. तिसरा खोल. पंख्यानं इंजिनावर पाणी उडवू नये म्हणून तिथे तो पंख्याचा पट्टा काढून माझ्या हातात द्यायचा, आणि पलीकडे गेल्यावर परत मागायचा. बोटांना बोटं लागायची… मग दोघंही उगाच झाडांकडे बघायचो.

तुळशीराम बरा झाला तरी सहा आठवडे हेच. गप्पा साऱ्या जगाच्या, पण मुद्द्याचं एक अक्षर नाही! आज शेवटचं शिबिर. उद्यापासून मी घमापूरच्या दवाखान्यात, आणि आई तर रविवारी नागपूरच्या स्थळाला होकार कळवणार होती. जीव नुसता टांगणीला लागला होता.

परतताना तिसऱ्या नाल्यात मी पट्टा गुपचूप पिशवीत सरकवला. पलीकडे गेल्यावर त्यानं मागितलाच नाही. विसरला, धांदरट!

मैलभर गेलो आणि इंजिन तापून बॉनेटमधून भसाभसा वाफ.

"अरे, पट्टा!" त्यानं गाडी थांबवली. "विनताजी, तुमच्यापाशी—"

"काय माहीत…" खोटं बोलताना माझे कान लाल होतात.

"काहून हसून राहिल्या?"

"मग काय रडू? आज शेवटचा दिवस. एवढे नाले पार केले तुम्ही, पण मनातलं बोलायला—"

तो हात पुसत राहिला. "भीती वाटत होती जी. मराठी कच्ची आहे माझी. चुकलो अन् तुम्ही हसल्या तर?"

"मग हिंदीत बोला."

"नाही. तुमच्या आईसमोरही हेच बोलायचंय." त्यानं श्वास घेतला. "मला… तुमच्याशी लग्न करायचं आहे. अच्छा, बरोबर बोललो ना?"

"अगदी बरोबर. फक्त आईशी रविवारच्या आधी बोला."

"उद्याच येतो."

मी पिशवीतून पट्टा काढून पुढे केला. तो जराही चकित झाला नाही.

"पिशवीत टाकताना पाहिलं होतं मी," तो म्हणाला. "पट्ट्याशिवाय मैलभर तर चालतेच गाडी."