श्रीरंग परत आला ती रात्र

जा, जरूर जा. मी कोण अडवणारा? तळं सुंदर आहे, वर हिमनदी आहे, आणि तिथे एका रात्रीत जेवढे तारे दिसतात तेवढे इथे क्युपर्टिनोत जन्मभर मान वर करून बसलात तरी दिसायचे नाहीत. पण जायच्या आधी एक ऐकून जा. रुचा, तो अंगणातला दिवा घालव. ईशान, फोन खिशात टाक रे बाबा, मी काय ईमेल वाचून दाखवत नाहीये.

"त्र्यंबककाका, भुताची आहे का? सीरियसली?"

ते तू ठरव. मी झालं ते सांगतो. ज्याच्या बाबतीत झालं तो उल्हास, नागपूरचा, पायाला प्लास्टर घालून दीड महिना याच घरात होता. तुम्ही बॅगा टाकल्यात ना, त्याच खोलीत. काकूला विचारा हवं तर.

तारीख दहा ऑगस्ट, दोन हजार दोन. शनिवार. दिव्याची अवस नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे चंद्र लवकर मावळणार आणि आकाश काळंकुट्ट. उल्हासला ताऱ्यांचं वेड. सहा महिने आधीपासून त्याने ती तारीख धरून ठेवली होती. बरोबर श्रीरंग. दोघं एका कंपनीत, एका फ्लॅटमध्ये, आणि त्यांची गाठ घालून दिली ती मीच. "पुण्याचा मुलगा आहे, चांगल्या घरातला, डोळे झाकून रूम शेअर कर," हे माझे शब्द. म्हणून मला ते आजही लागतं.

तुम्ही तेव्हा शाळेत होतात. नोकऱ्या पटापट जात होत्या, आणि एच-वन व्हिसावर नोकरी गेली की सामान बांधायचं. शुक्रवारी मॅनेजरने दोघांना बोलावून सांगितलं, एकालाच ठेवता येईल; सोमवारी सकाळी नऊला डेमो द्या, तो बघून ठरवतो. डेमोचं काम बहुतेक सगळं उल्हासने केलेलं. उल्हास म्हणाला, ट्रिप राहू दे. तर श्रीरंगच म्हणाला, "कॅन्सल नको करू यार, डोकं शांत होईल."

खालच्या तळ्याशी तंबू ठोकला आणि दुपारी वरच्या तळ्यावर गेले, हिमनदीच्या अगदी पायथ्याशी. तारे बघून मध्यरात्री तंबूत परतायचं, असा बेत. साडेपाचच्या सुमाराला उल्हास बाटल्या भरायला पाण्याशी उतरला. साधं काम. एक मोठा दगड हलला, पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि नडगीचं हाड मोडलं.

श्रीरंगने त्याला वर ओढलं, दगडाला टेकवून बसवलं, स्वतःचं जॅकेट काढून अंगावर घातलं. तोवर त्याच्या मनात काही नसावं, असं मला वाटतं. "रेंजरला घेऊन बारापर्यंत येतो," म्हणाला. नुसत्या अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर तो उतरायला लागला.

थोड्या वेळाने एक म्हातारं गोरं जोडपं तिथून गेलं. त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन! बाई म्हणाली, हेलिकॉप्टर बोलावते. आणि आमचा शहाणा काय म्हणतो? "नो नो, थँक यू, माझा मित्र गेलाय." परक्यांना कशाला त्रास! शिवाय हेलिकॉप्टरचं बिल, पोलिसांत नाव, उद्या ग्रीन कार्ड लटकलं तर? आपला माणूस गेलाय ना, मग झालं. हसू नकोस ईशान. तूही हेच केलं असतंस. मीही. बाईने जबरदस्तीने एक चंदेरी चादर त्याच्या अंगावर टाकली आणि ती दोघं निघून गेली.

अंधार पडला. तारे तर असे निघाले म्हणता... पण बघणार कोण? पाय ठणकत होता, दात वाजत होते. दहा वाजले. बारा वाजले. कुणी नाही.

एक वाजता ठणका कमी झाला. बरं वाटायला लागलं. डोळे मिटायला लागले. थंडीत असं बरं वाटणं वाईट, हे त्याला माहीत होतं. तरी मिटायला लागले.

सव्वाएकला खडीवर पावलं वाजली.

"श्री?"

आठ-दहा हातांवरच्या दगडावर श्रीरंग येऊन बसला. तीच अंगकाठी, तीच पोक काढून बसायची सवय. टॉर्च नव्हता, पण ताऱ्यांच्या उजेडात दिसत होतं. उल्हासला रडूच फुटलं. "आलास रे! रेंजर कुठेयत?"

उत्तर नाही.

"श्री, रेंजर मागून येतायत का?"

"झोपू नको."

एवढंच. उल्हासला वाटलं, दमलाय. मग तोच बोलत राहिला. म्हणाला, "मला मघाशी वाटलं, तू येत नाहीस. सॉरी यार. सोमवारचा डेमो तूच दे. नोट्स माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. मी जाईन नागपूरला, माझं काही अडत नाही. तू आलास ना, बास." मी हे सगळं त्याच्या तोंडून ऐकलंय, या खुर्चीत बसून. माझ्याच्याने ऐकवेना.

उल्हासचा डोळा लागला की समोरून आवाज यायचा. "झोपू नको." दर वेळी तसाच. ना मोठा, ना हळू.

मग उल्हासच्या लक्षात आलं. आपल्या तोंडातून वाफ निघतेय. त्याच्या नाही.

अंगात तो टी-शर्ट. अर्ध्या बाह्या. आणि तो कुडकुडत नाहीये.

उल्हास बोलायचा थांबला. कुठे बघायचं ते कळेना, म्हणून ताऱ्यांकडे बघितलं. श्रीरंगच्या पाठीमागे पूर्वेला रोहिणी उगवली होती. तांबूस, ठळक. हळूहळू वर सरकत होती, त्याच्या खांद्याकडे. आता खांद्याआड जाणार...

गेली नाही.

खांद्यातून दिसत राहिली.

"श्री... तूच आहेस ना?"

...

"श्री?"

"झोपू नको."

समोरचा हलला नव्हता. आवाज कानाशी आला होता.

पुढे उल्हासने मान वळवली नाही, की डोळे मिटले नाहीत. उजाडलं तेव्हा समोरचा दगड रिकामा होता. साडेनऊला रेंजर आला, बरोबर स्ट्रेचर आणि चार माणसं. उल्हासने पहिलं काय विचारलं असेल? "माझा मित्र ठीक आहे ना? त्यानेच पाठवलं ना तुम्हाला?"

खाली आणल्यावर रेंजरने एक वही दाखवली. डोंगराची वाट सुरू होते तिथे लाकडी खोक्यात असते, परत आलेल्याने त्यात लिहायचं. शनिवारी रात्री नऊ चाळीसची नोंद. दोघांची नावं. दोघंही सुखरूप परतलो. अक्षर श्रीरंगचं, खाली त्याची सही.

म्हणजे शोधायला कुणी यायचं कारणच उरलं नाही! हे लिहून पठ्ठ्या गाडी घेऊन सरळ घरी. पहाटे चारला गाडी लावताना शेजारच्या विष्णूने त्याला पाहिलं. सोमवारी नऊला डेमो दिला. नोकरी राहिली. अरे, एका ताटात जेवत होते दोघं!

"मग काका, रेंजर वर गेला कसा?"

त्या नोंदीखाली आणखी एक ओळ होती. वेळ पहाटेची, तीन दहा. 'एक जण वरच्या तळ्याशी आहे. पाय मोडलाय. लवकर जा.' तेच अक्षर. तीच सही.

तीन दहाला श्रीरंग तिथून अडीचशे मैलांवर गाडी चालवत होता.

त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. उल्हास नागपूरला गेला त्या आठवड्यात मी श्रीरंगला इथे बोलावलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. खरं सांगू? मला वाटत होतं, याने खोटं बोलावं. अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो होतो काका, असं म्हणावं. मी विश्वास ठेवला असता.

त्याने कागद उचलून दोन्ही ओळी वाचल्या.

"पहिली ओळ माझी आहे," म्हणाला.

"आणि ही?" मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काका, मी मागे वळलोच नाही."