रसिकाबाईंची टाच

जखम चिघळणे हा प्रकार जिल्ह्यातून हद्दपार होऊन बरीच वर्षं झाली होती. पाय कापला तर पट्टी लावायची, घोट्यात चुंबकाचा तोडा अडकवायचा आणि चौथ्या दिवशी कामावर हजर व्हायचं. जखमेसाठी रजा मागणाऱ्याकडे कचेरीतले लोक, तिसऱ्यांदा आजी वारलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत.

ही भिंगरी-पट्टी डॉ. इरा टिपणीसने शोधली होती. आणि सगळ्या सांगलीत न भरणारी जखम एकच उरली होती: इराच्या सख्ख्या आईच्या, रसिकाबाईंच्या, टाचेची.

"लोक हसतात गं," बाबा फोनवर म्हणाले. "हलवायाच्या घरी साखर नाही!"

शेवटी वैतागून इरा पुण्याहून आली, आईची टाच मांडीवर घेऊन बसली आणि मोजा टाचेवरून खाली सरकवून तिने पट्टीवर सूक्ष्मदर्शी कॅमेरा धरला.

"ही पट्टी नक्की करते तरी काय?" बाबांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं. टाचेला जखम झाल्यापासून पोळ्या ते लाटत. घरात पोळ्यांचं यंत्र होतं, पण त्यांना पोळी हातचीच लागे. आणि ज्याला उभं राहवत नाही त्याला ओट्याशी उभं करायचं नाही, एवढी माणुसकी टिपणिसांच्या घरात पूर्वापार होती.

"जंतू एकेकटे असले की औषधाने मरतात, बाबा. पण जखमेत ते घोळका करून बसतात आणि अंगावर एक बुळबुळीत गोधडी ओढून घेतात. औषध वरच्यावरच राहतं. पट्टीत लोखंडाचे कण आहेत, केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे. तोड्यातलं चुंबकत्व क्षणाक्षणाला दिशा बदलतं, तसे कण भिंगरीसारखे फिरतात आणि गोधडी फाडतात."

"मग इथे का फाटत नाही?"

कारण इथे कण फिरतच नव्हते. पहिल्या पंगतीच्या वेळी मांडवाच्या दाराशी गर्दी व्हावी तसे सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते. जवळ एखादं साधं, स्थिर लोहचुंबक असलं तरच असं होतं. इराने घर पालथं घातलं. स्पीकर अंगणात नेऊन ठेवले, फ्रिजवर चिकटवलेले चार गणपती उतरवले, बाबांचा कंबरपट्टासुद्धा तपासला. काही नाही. हताश होऊन तिने आईचा मोजा ओढून काढला, आणि एक काळी चकती टपकन फरशीवर पडली.

"हे काय?"

"कपाटाच्या दाराचं आहे," आई म्हणाली. "दार आता नीट लागत नाही."

"पट्टीजवळ लोहचुंबक न्यायचं नाही, म्हणून मी तुला बजावलं होतं!"

"हो ना. नाहीतर मला कसं कळलं असतं?"

इराने चकती उचलली. "अगं, हाडापर्यंत गेली जखम तर पाय काढावा लागेल!"

"हळू बोल. पोळी करपेल त्यांची."

"थकलीस तर सरळ सांगायचं ना त्यांना!"

"सांगत होतेच की, लग्नापासून. टाच बोलली तेव्हा ऐकू आलं." आईने कोथिंबिरीची जुडी निवडताना करते तेवढा विचार केला. "हल्ली नकली पाय चांगले असतात म्हणे?"

"धावता येतं त्यांच्यावर! पण आई..."

"मग तसला नको बाई. साधाच बघ."

तेवढ्यात बाबा लाटणं घेऊन दारात आले. "सापडलं का काही? रविवारी आमची बँकेतली मंडळी जेवायला यायचीयत. तोवर उभी राहील ना ही?"

इराने मूठ मिटली. चकती बाहेर ठेवली की जखम चार दिवसांत भरणार होती, आणि पाचव्या दिवशी आई ओट्याशी. तिने नवी पट्टी लावली, तोडा घट्ट केला.

"पट्टीतच दोष आहे, बाबा. जखम वरून भरलेली दिसेल, पण आतून कच्चीच राहील. आईने ओट्याशी उभं राहायचं नाही. कधीच."

एवढं बोलून तिने स्वतःच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांवर पाणी सोडलं. बाबांनी सुस्कारा टाकला आणि आत जाऊन रविवारच्या कणकेचा अंदाज घेऊ लागले.

सांगलीत बातमीला पाय लागत नाहीत. संध्याकाळी समोरच्या ऐश्वर्याकाकू आल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"इरा, ती दोष असलेली पट्टी... एखादी मिळेल का गं?"

"का? तुमच्या पायाला काय झालं?"

समोरच्या घरातून कुणीतरी चहाची हाक मारली. काकूंनी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"अजून काही नाही," त्या म्हणाल्या.