चार सेकंदांचा आवाज

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी प्रेबेन बोदिलच्या घरी आला, तेव्हा त्याच्या हातात बेकरीची पिशवी होती आणि कोटाला ओल्या बर्फाचा वास येत होता. कोपनहेगनात त्या दिवसांत पाचच्या आतच अंधारून येतं. आभाळ भरलेलं असलं तर त्याहून लवकर. बोदिलने तीनलाच दिवा लावून ठेवला होता.

काम साधंच होतं. तेवीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून केलेला एक व्हिडिओ गेम आता नव्याने बाजारात यायचा होता. तो एकदा खेळून बघायचा, खटकेल ते टिपून ठेवायचं आणि 'ठीक आहे' म्हणून सही करायची.

गेम होता एका भाडोत्री मारेकऱ्याचा. त्यात गोळीबार फारसा नव्हता. सावलीत थांबायचं, पावलांची चाहूल लागू द्यायची नाही, मागून जाऊन गळ्याभोवती तार टाकायची, प्रेत ओढत नेऊन दडवायचं आणि मेलेल्याचे कपडे स्वतःच्या अंगावर चढवून पुढे निघायचं. त्यातले आवाज बोदिलने केले होते, हालचाली प्रेबेनने.

"जमेल ना गं तुला अजून?" प्रेबेनने खुर्ची ओढत विचारलं.

"बोटांना आठवतंय सगळं."

खरंच आठवत होतं. पहिला पहारेकरी पडला, दुसरा पडला. दुसऱ्याला जिन्यावरून खाली ओढताना त्याचं डोकं पायरीपायरीवर आपटत होतं. तो आवाज बोदिलने ओल्या गोणपाटात कोबीचा गड्डा घालून केला होता. तेव्हा केवढी खूश झाली होती ती. खाली पोचल्यावर मारेकऱ्याने मेलेल्याचा सदरा काढून घेतला, अंगात घातला, कॉलर नीट केली. बोदिलने नकळत स्वतःच्या ब्लाउजची कॉलर मानेपासून लांब धरली.

"किती घाण आहे रे हे," ती म्हणाली.

"पोट भरलंय आपलं ह्यावर. पुढे चल."

पुढे हॉटेलचं स्वयंपाकघर होतं. शेगडीपाशी एक आचारी पाठमोरा उभा होता. तो वळला आणि बोदिलने नजर खाली घातली. तो चेहरा थोर्वाल्दचा होता.

थोर्वाल्द त्यांच्या ऑफिसात सगळ्यांसाठी दुपारचं जेवण बनवायचा. ऑफिस म्हणजे जुन्या मटणबाजारातलं एक शीतगृह. भिंतींना पांढऱ्या फरश्या, छताला मांस टांगायचे गंजलेले आकडे. थोर्वाल्द काळ्या पावावर कलेजीचा लगदा जाड थापायचा, वर खारवलेली काकडी ठेवायचा आणि खाल्लं नाही तर रागवायचा. त्याचा फोटो काढून त्यांनी आचाऱ्याला चेहरा दिला, आणि मग आवाजही त्याचाच घेऊ म्हणाले. गळा आवळला जातानाचा आवाज. बिचाऱ्याला काही केल्या जमेना. तो खोकायचा, हसायचा. शेवटी प्रेबेनने गमतीत हेडफोनची वायर मागून त्याच्या गळ्यात टाकली आणि ओढली. बोदिल समोर बसून रेकॉर्डिंगचं बटण दाबत होती.

तोच आवाज गेममध्ये गेला. बरोबर चार सेकंद.

"मारू नको त्याला," प्रेबेन अचानक म्हणाला. "बाजूने जाता येतं."

"सही करायची तर ऐकायला लागेल."

तिने तार टाकली. आवाज आला. ओला, घशाच्या तळातून ओढून काढल्यासारखा. एक, दोन, तीन, चार... तो थांबायला हवा होता. तो थांबला नाही. आचारी फरशीवर निपचित पडला होता, तरी आवाज चालूच होता. त्यात प्रेबेनचं तरुणपणीचं हसू मिसळलं. मग एका बाईचा शांत, कामात गढलेला आवाज आला, "छान... अजून थोडं."

बोदिलला स्वतःचा आवाज ओळखायला क्षणभर वेळ लागला.

त्यानंतर घुसमट एकदम तुटली. माइकच्या अगदी जवळ, कोणीतरी ओठ चाटले. चवीने, सावकाश. मग गिळल्याचा आवाज. खोलीत गोठलेल्या चरबीचा वास भरला होता. प्रेबेनने आणलेला केक टेबलावर तसाच पडून होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

प्रेबेनने उठून मशीनची वायरच उपटली.

थोड्या वेळाने बोदिलने आपल्या संगणकावर मूळ फाइल उघडली. चार सेकंद. आधी काही नाही, नंतर काही नाही.

"जुना माल आहे, कुठलं तरी राहिलेलं रेकॉर्डिंग अडकलं असेल," प्रेबेन म्हणाला. त्याने कोट चढवलाही होता. "सही करून टाक बोदिल."

"पुढचं सगळं मी कापून फेकलं होतं. माझ्या हाताने."

प्रेबेन कोटाची बटणं लावू लागला.

"त्याचा आवाज बसला होता, प्रेबेन. दोन आठवड्यांत काम सोडून गेला. आपण फोनसुद्धा केला नाही."

"गंमत होती ती..." तो दाराकडे बघत म्हणाला. "तोही हसत होता."

"हसत होता की नाही, ते तुला मागून कसं दिसलं?"

प्रेबेन निघून गेला. बोदिलने सही केली नाही. तो आवाज गेममधून काढून टाका, कारण भेटून सांगते, असं तिने कंपनीला लिहिलं आणि थोर्वाल्दचा पत्ता शोधायला बसली. सापडली ती त्याची मुलगी, टोवे. शनिवारी सकाळी बोदिल आमागरला तिच्या घरी गेली.

टोवे पन्नाशीची, केस कापण्याचं दुकान चालवणारी. तिने कॉफी ओतली आणि मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. वायर, बटण, 'अजून थोडं'. बोदिलने स्वतःला सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

"बाबा तीन वर्षांपूर्वी गेले," टोवे म्हणाली. "त्या दिवसानंतर एक शब्द बोलले नाहीत. सगळं लिहून सांगायचे. दूध आण, खिडकी लाव, सगळं. तुम्ही लोक कधीतरी याल असं वाटायचं मला. नंतर वाटेनासं झालं."

"माफी मागायला आले आहे. तुम्ही माफ करावं असं म्हणत नाही."

"ऐकवा मला तो आवाज."

बोदिलने फोनवर तो आवाज लावला. टोवे मान खाली घालून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "परत लावा." दुसऱ्यांदा ऐकून ती उठली, कपाटातून एक वही घेऊन आली आणि एक पान उघडून बोदिलपुढे ठेवलं.

"हे बाबा नाहीत. मला वाटायचं, घाबरून काहीबाही लिहिलंय त्यांनी. वाचा तुम्हीच."

अक्षर मोठं आणि थरथरतं होतं.

"माझ्या गळ्यातून काहीच निघालं नाही. श्वासच नव्हता. मागचा ओढत होता, बाई बटण दाबत होती. आवाज काढला तो तिसऱ्याने. माइकला तोंड लावून. तो कोण म्हणून मी खुणेने विचारलं, त्यांना कळलं नाही."

बोदिलला आठवलं. वायर सुटल्यावर थोर्वाल्दने हात वर करून तीन बोटं दाखवली होती, पुन्हा पुन्हा. तिसऱ्यांदा करायचं का असं तो विचारतोय, असं समजून तिने मान हलवली होती. नको, झालं, सुरेख आलंय.

"खोलीत आम्ही तिघंच होतो," ती कशीबशी म्हणाली. "थोर्वाल्द धरून."

टोवेने वही स्वतःकडे वळवून घेतली. पान उलटलं. मागच्या बाजूला एकच ओळ होती. ती वाचून तिने बोदिलकडे पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी मागे घेतली.

"पुढे लिहिलंय," ती हळू म्हणाली, "तो बाबांकडे बघतच नव्हता. सगळा वेळ तुमच्याकडे बघत होता... आणि तुम्ही उठून निघालात, तेव्हा तुमच्या मागोमाग गेला."