पाय टेकेपर्यंत

चेंडू हातातून सुटला, रिंगला आपटून बाहेरही पडला. मग फाउल कसला?

शलाका रिकाम्या हॉलमध्ये हेच घोकत बसली होती. वर नागपूर भाजत होतं. उन्हाळ्यात बास्केटबॉल आता जमिनीखालीच खेळायचा. एका गुणाने हातात आलेली फायनल शेवटच्या क्षणी शिट्टी वाजली आणि गेली. समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता टाकायचे चेंडू) मिळाले. ते बदली मुलीने टाकले, कारण त्या संघातली नाझनीन चेंडू टाकून शलाकाच्या बुटावर उतरली होती आणि तिचा घोटा सुजून टम्म झाला होता. नाझनीन, वर्गात शलाकाच्याच बाकावर बसणारी. शलाकाच्या संघातल्या मुली तिला तिथेच सोडून निघून गेल्या.

दिवे मालवत पंचाचं काम करणारं यंत्र आलं. पोरी त्याला शिट्टीकाका म्हणत.

"मी हात लावला नव्हता, काका. चेंडू गेला होता."

"गेला होता. नाझनीन कुठे होती?"

त्याने आपल्या डोळ्यांनी टिपलेलं चित्र भिंतीवर दाखवलं. त्यात चेंडू नव्हताच. हवेत दोन पाय, आणि त्यांच्याखाली सरकत आलेला एक बूट.

"चेंडूकडे बघायला अख्खा हॉल होता," शिट्टीकाका म्हणाला. "मी पायांकडे बघतो."

मग त्याने समजावलं. उडी मारलेल्या माणसाला हवेत वाट बदलता येत नाही, कारण रेटा द्यायला पायाखाली जमीन नसते. त्याचा प्रक्षेपमार्ग (उडालेली वस्तू ज्या वळणाने खाली येते ती वाट) उडतानाच ठरलेला असतो. म्हणून पाय टेकेपर्यंत तो चेंडू टाकतोच आहे असं धरायचं, आणि उतरायची जागा त्याची. चेंडू आत गेला असता तर ते गुण आणि वर एक फ्री थ्रो. हुकला म्हणून दोन. लांबच्या रेषेबाहेरून हुकला असता तर तीन.

शलाका बराच वेळ त्या बुटाकडे बघत राहिली. बूट तिचाच होता.

"ती बोलेल माझ्याशी?"

"ते मला मोजता येत नाही," शिट्टीकाका म्हणाला. "पण ती अजून प्रथमोपचाराच्या खोलीत आहे. गाडी यायची आहे."

नाझनीन खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. गाडी आली तशी ती उतरायला लागली, आणि शलाका या वेळी बाजूला सरकली, जागा मोकळी ठेवून, खांदा पुढे करून.

नाझनीनने चांगला पाय टेकला. मग हळूच दुसरा.

"उद्या दप्तर तू उचलायचं," ती म्हणाली. "दोन्ही."